गोफणीची वीण

मार्गशीर्ष सरून पौष लागला म्हणजे पाटसच्या शिवारात जेथे जेथे अद्याप शाळू उभा आहे, तेथे तेथे कणसांत दूध भरू लागते. आणि त्याच सुमारास चिमण्या, साळुंक्या व राघू यांचे थवे त्यावर उतरू लागतात. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी या भागात खेळू लागल्यापासून उसाचे क्षेत्र वाढले, साखर कारखाना उभा राहिला, आणि शाळूची शेते त्या मानाने थोडी उरली. तथापि ज्या घरी दोन-तीन एकर शाळू आहे, त्या घरी तो केवळ विकावयाचा माल नव्हे. ती घरच्या माणसांची वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा होय. म्हणून शेतात माळा उभारून त्यावर राखणदार बसतो, आणि त्याच्या हाती जे साधन असते तिचे नाव गोफण.

गोफण ही वस्तू दिसावयास इतकी क्षुल्लक आहे, की ती कोणी कशी केली असेल हा विचारही पाहणाऱ्याच्या मनात येत नाही. दोन दोऱ्या आणि मध्ये हातभर नव्हे, वीतभर विणलेला भाग, एवढीच ती. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी ती स्वतः विणून पाहिली आहे, ते सांगतील की दोऱ्या वळणे हे सवयीचे काम आहे. खरी परीक्षा त्या मधल्या भागाची. त्यात गुंडा बसतो. त्यास आपण येथे झोळ म्हणू.

पाटसच्या एका वृद्ध शेतकऱ्यांनी आम्हांस ती कृती दाखविली, ती अशी. अंबाडीचा किंवा घायपाताचा वाख भिजवून, झोडून, वाळवून घ्यावयाचा. त्याचे पेड मांडीवर वळावयाचे. प्रत्येक पेडास एका दिशेने पीळ द्यावयाचा आणि दोन पेड एकत्र करताना उलट दिशेने वळावयाचे. असे केले म्हणजे एका पिळाची ओढ दुसऱ्यास आवळून धरते व दोरी आपोआप उकलत नाही. दोरीच्या मध्यभागी पेड विलग करून त्यांचा ताणा धरावयाचा, आणि आडव्या सुतळीने एक वर, एक खाली असे विणीत जावयाचे, जशी बाज विणतात तसे. दोन्ही टोकांस वीण अरुंद व घट्ट, आणि मध्यावर चार बोटे रुंद व किंचित सैल. एका दोरीच्या टोकास बोट अडकविण्यापुरता फासा. दुसऱ्या दोरीचे टोक मोकळे, आणि त्यास वाखाचा लहानसा झुबका. रिकामी गोफण फिरवून झटका दिला, की तो झुबका हवेत फटकन वाजतो, आणि पुष्कळदा तेवढ्या आवाजानेच थवा उठतो.

आम्ही त्या गृहस्थांची स्वतःची जुनी गोफण हाती घेऊन तिची प्रशंसा केली, व ती नातवासच का देत नाही असे विचारले. ते म्हणाले, "ही माझ्या हाताची हाय, गुरुजी. पोराला ती लांब पडती. त्याची त्यानंच इनली पाहिजे." गोफण दुमडून हात खाली सोडला असता झोळ जमिनीस टेकू नये, हे त्यांचे माप. नातू आजोबांहून वीतभर ठेंगणा असल्यामुळे आजोबांच्या गोफणीचा झोळ त्याच्या हाती धुळीत लोळत होता. पवित्र शास्त्रात १ शमुवेलाच्या १७ व्या अध्यायातील दाविदाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. शौल राजाचे चिलखत त्याने अंगावर चढवून पाहिले, सवय नसल्यामुळे उतरून ठेविले, आणि ओढ्यातील पाच गुळगुळीत गोटे निवडून तो आपली गोफण घेऊन पुढे गेला. गोट्यांची ती निवडही सहेतुक असली पाहिजे. कारण झोळ ज्या आकाराच्या गुंड्यासाठी बसलेला असतो, त्याहून फार लहान वा फार मोठा गुंडा त्यातून नीट सुटत नाही.

आता हे सुटणे म्हणजे काय, ते वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. हात व दोरी मिळून वर्तुळाची त्रिज्या १ मीटर धरली आणि सेकंदास ३ फेरे झाले, तर गुंड्याचा वेग २ × ३.१४ × १ × ३, म्हणजे सेकंदास सुमारे १९ मीटर, अर्थात ताशी सुमारे ६८ किलोमीटर होतो. दोरीचे मोकळे टोक सोडताच गुंडा वर्तुळाच्या स्पर्शरेषेने निघून जातो. परंतु ३ फेऱ्यांत १,०८० अंश होतात. म्हणून सुटण्यास सेकंदाच्या केवळ ३६ व्या भागाइतका उशीर झाला, तरी दिशा ३० अंशांनी चुकते. झोळ फार खोल असला तर तो गुंड्यास धरून ठेवतो, व गुंडा उशिरा निघून भलतीकडे जातो. फार उथळ असला तर गुंडा वेळेपूर्वीच निसटतो, आणि मागे उभ्या असलेल्या मनुष्याच्या कपाळी बसण्याचे भय असते. म्हणून झोळ एकदा विणून भागत नाही. मातीचे गुंडे फेकून पाहावे, कोठे जातात ते पाहावे, वीण एखादा धागा आवळावी किंवा सैल करावी, पुन्हा फेकावे. नवी दोरी ताणली गेली की पुन्हा तेच.

हा प्रश्न केवळ आमच्या शिवाराचा आहे असेही नाही. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा लॅक्रोस नावाचा एक प्राचीन खेळ आहे. त्यात खेळाडूच्या हाती काठी असते व तिच्या शेंड्यास जाळीचा झोळ; त्यात चेंडू झेलावयाचा, धावताना सांभाळावयाचा आणि नेमक्या क्षणी फेकावयाचा. ज्यां द ब्रेबफ या फ्रेंच मिशनऱ्याने १६३६ च्या आपल्या वृत्तांतात या खेळाचा उल्लेख केला आहे. आजारी माणसास बरे वाटावे म्हणून तेथील लोक हा खेळ मांडीत. तेथील हॉडनोशोनी लोक आजही हिकरी नावाच्या झाडाचे लाकूड वाफेवर वाकवून अशा काठ्या करतात. जाळी किती खोल असावी याची चिंता तेथेही हीच: खोल झोळात चेंडू चांगला टिकतो, पण सुटताना खाली ओढला जातो, उथळ झोळातून लवकर सुटतो, पण धावताना पडतो. पुष्कळ खेळाडू आपली जाळी आपणच ओवतात व आपल्या हातास येईल अशी बसवून घेतात. मात्र पुरुषांच्या खेळात नियम असा आहे, की चेंडूचा माथा चौकटीच्या खालच्या कडेखाली जाईल इतका झोळ खोल असू नये. १९०४ व १९०८ च्या ऑलिंपिक सामन्यांत हा खेळ होता. आणि २०२८ मध्ये लॉस एंजेलिस येथे तो पुन्हा घ्यावा, हा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईतच भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात झाला.

इतके सांगण्याचे कारण असे. शाळू दुधात आला म्हणजे आमच्या वर्गांतील काही बाके रिकामी दिसतात, आणि हजेरीपटावर त्या मुलांच्या नावांपुढे गैरहजेरी लागते. वर सांगितलेला नातू आठवीत आहे. तो परत आल्यावर स्पर्शरेषेचा धडा चालला असता, गुंडा कोठून सुटला म्हणजे कोठे जाईल हे त्याने फळ्यावर काढून दाखविले, आणि जे नियमित हजर होते त्यांनी ते त्याच्याकडून समजून घेतले. आम्ही हे त्याच्या वडिलांस कौतुकाने सांगितले. त्यांस आनंद झाला नाही. ते म्हणाले, "गुरुजी, माझी सातवी त्या माळ्यावरच राहिली. पोराची राहू नये, एवढंच."

या वाक्यास आमच्याजवळ चटकन देण्याजोगे उत्तर नव्हते, आणि असू नये असेच आम्हांस वाटते. ज्याने शिक्षण गमावून शेत राखले, त्याला गोफणीचे गुणगान ऐकविणे शोभत नाही. उलट आजोबांचे म्हणणेही खोटे नव्हते. नातवाने विणली नाही तर त्या घरात ती पुन्हा कोणी विणणार नव्हते. वडिलांनी ती कधी शिकवावयाची नाही असे ठरविलेच होते. शेवटी तिघांनी बसून मार्ग काढला. पाखरांची झुंबड सकाळी लवकर आणि दिवस कलताना अधिक असते. दुपारी ती झाडांच्या सावलीस जातात. म्हणून मुलाने शाळेपूर्वी एक तास व शाळेनंतर एक तास माळ्यावर जावे, मधला वेळ आजोबांनी सांभाळावा, आणि हजेरी एकही दिवस चुकू नये. वडिलांनी एक अट घातली: परीक्षेच्या आठवड्यात माळा वर्ज्य. आजोबांनी दुसरी घातली: नायलॉनची दोरी आणावयाची नाही. दोन्ही अटी पाळल्या गेल्या. त्या वर्षी कणसे काही पाखरांनी खाल्ली, काही घरात आली, आणि मुलगा नववीत गेला.

विद्यार्थिमित्रहो, नाताळच्या सुटीत तुमच्यापैकी पुष्कळ गावी जातील. घरात कोणी वडीलधारे गोफण विणणारे असतील, तर त्यांच्याजवळ बसून एक वीतभर झोळ विणून आणा. हस्तव्यवसायाच्या तासास तो आम्ही पाहू. गुंडे मातीचेच घ्या, म्हणजे आपटून फुटतील. रस्ता, रेल्वे, विजेच्या तारा आणि माणसे यांच्या दिशेने गोफण फिरवू नका. पाखरांस उठवावे, मारू नये. चिमण्यांचीही दखल घेणारा पिता एक आहे, हे आपण रविवारच्या शाळेत शिकलो आहोत.

आणि पालकांस आमची विनंती एवढीच, की मूल माळ्यावर बसले असेल तर शाळेची घंटा त्यास ऐकू येईल अशी व्यवस्था करा. आणि ते शाळेत असेल तर घरचे काम त्याच्या हातून अगदीच सुटणार नाही हेही पाहा. दोन्ही दोऱ्या सारख्या लांबीच्या असल्या म्हणजेच झोळ सरळ राहतो.