पंप उचलत नाही

चालत्या पंपावर माझा विश्वास नाही. महिनोन्‌महिने बिनतक्रार चाललेला फिशटँकचा कॅनिस्टर फिल्टर गुरुवारी वीज गेली की थांबतो आणि वीज आली की उचलत नाही. नुसता थरथरतो. पुण्यात मला गुरुवारी संध्याकाळी येणारे फोन बहुतेक याच दुखण्याचे. घरचे उशिरा परततात, तोवर बंद डब्यातला प्राणवायू संपून अमोनिया पचवणारे जिवाणू गुदमरू लागलेले असतात.

या पंपात कायमचुंबकाचा रोटर असतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तो मिनिटाला ३००० फेरे घेतो. एकदा लय सापडली की सोडत नाही, पण जागचं उठायला त्याच्यात जोर फारसा नसतो. तो आधी मागेपुढे डोलतो आणि त्या डोलण्यातूनच एखादी दिशा पकडतो. म्हणून चुंबक आणि पाती यांच्यात मुद्दाम थोडी ढिलाई ठेवलेली असते: आधी चुंबक मोकळा फिरावा, मग पाण्याचं ओझं अंगावर यावं. बोअरच्या पाण्याचे क्षार नेमके त्या ढिलाईत बसतात. चालत्या पंपात ते कळत नाही. लोक पाती चकचकीत करतात, ही जागा बोटाने हलवून कोणी पाहत नाही.

लिंबूसत्त्वात भिजवून बहुतेक पंप सुधारतात. मला छळतात ते उरलेले. शाफ्ट सरळ, ढिलाई मोकळी, तरी दहा वेळा उचलतात आणि अकराव्यांदा अडतात. इम्पेलर पाव फेरा फिरवून बसवला की पुन्हा सुरू. माझा संशय रबरी बुशवर आहे. तो किंचित झिजला की रोटर एका बाजूला ओढला जाऊन तिथेच घासत असावा. डोळ्यांना ही झीज दिसत नाही. ती ऐकावी लागते.

आणि तेच आता मला जमत नाही. वयानुसार उंच पट्टीचे आवाज आधी जातात. पंपाची १०० हर्ट्झची घुमघुम मला स्वच्छ ऐकू येते, तिच्यावरची बारीक किरकिर येत नाही. भाचा सोबत असतो. तो दारातूनच म्हणतो, "मामा, बुश गेलाय." बहुतेक वेळा तो बरोबर असतो.

हल्ली दुकानात बुश मागितला की नवा पंप पुढे करतात. काही जण फिल्टरचा स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत धुऊन देतात. क्लोरिनने जिवाणू मारून त्याला सर्व्हिसिंग म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. टँकमधल्याच पाण्याची बादली घ्यायला कितीसे कष्ट पडतात?

गिऱ्हाइकासमोर कॅबिनेटला कान लावायचा, क्षणभर थांबायचं आणि झाकण न उघडता दोष सांगायचा, यात मला फार मोठेपणा वाटायचा. तो मला अजूनही हवा आहे. भाच्याला मी बजावलंय की आवाजावरून बोलायचं नाही, आधी उघडून ढिलाई बोटाने तपासायची. सांगतो ते योग्यच आहे, क्षार कानाला कळत नाहीत. पण सांगण्यामागे दुसरंही कारण आहे: बोटाच्या कामात तो अजून माझ्या मागे आहे आणि तिथे मला एवढ्यात हरायचं नाही.