सँ-मालो : तटाच्या आतलं घर

किल्ल्यांबरोबर घरमालकीणबाईंनी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रकही दिलं आणि ते रोज बघायला बजावलं. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सँ-मालोत ही सूचना मनावर घ्यावीच लागते. उधाणाच्या दिवसांत इथला समुद्र बारा मीटरहून जास्त चढतो-उतरतो. मुंबईत हा फरक मोठ्या उधाणालाही पाच मीटरच्या आसपास असतो. इथे ओहोटी लागली की पाणी इतकं मागे हटतं, की तटाखालून वाळूतून चालत ग्राँ बे बेटावर जाता येतं. 1848 साली वारलेला लेखक शातोब्रियां तिथे समुद्राकडे तोंड करून विसावला आहे. थडग्यावर नाव नाही, फक्त दगडी क्रूस. भरती सुरू झाली की वाट बुडते आणि बेटावर रेंगाळलेल्यांना पाणी उतरेपर्यंत तिथेच थांबावं लागतं.

आमची सदनिका तटबंदीच्या आत होती. काळपट ग्रॅनाइटची उंच भिंत, उभट खिडक्या, पाटीच्या दगडाचं तीव्र उताराचं छप्पर, वर रुंद धुराडी. घर अठराव्या शतकातलं असावं, असंच बाहेरून वाटत होतं. जिना चढताना मात्र पायाखाली काँक्रीट होतं. तटाआतल्या बहुतेक घरांची गोष्ट हीच आहे. ऑगस्ट 1944 मध्ये जर्मन सैन्य इथे ठाण मांडून बसलं, अमेरिकन तोफांनी आणि विमानांनी मारा केला, आगी दिवसेंदिवस धुमसत राहिल्या. तटाच्या आतलं सुमारे ऐंशी टक्के गाव गेलं. तटबंदी मात्र बरीचशी उभी राहिली.

तेव्हा सपाट छपरांचं आधुनिक शहर उभारणं सोपं आणि स्वस्तही पडलं असतं. सँ-मालोने तसं केलं नाही. वास्तुविशारद लुई आरेत्श यांच्या देखरेखीखाली गल्ल्या थोड्या रुंद झाल्या, घरांत उजेड आला, पण छपरांचा उतार, धुराड्यांची उंची आणि दर्शनी ग्रॅनाइट यांचा जुना मेळ सांभाळला गेला. काही प्रवासी याला नक्कल म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. ज्यांचं सगळं जळालं त्यांनी आपल्या गावाचा चेहरा परत मागितला आणि वर्षानुवर्षं खपून तो उभा केला. याहून अस्सल काय असतं? तटावरून संपूर्ण फेरी मारताना एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला ही छपरं दिसत राहतात, तेव्हा मन भरून येतं.

या घरांचे मूळ मालक जहाजमालक आणि व्यापारी. गावात सगळीकडे कोर्सेर भेटतात, म्हणजे राजाच्या परवान्याने शत्रूची जहाजं लुटणारे दर्यावर्दी. तटावर रोबेर सुर्कूफचा पुतळा आहे. त्याने 1800 साली बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' हे जहाज पकडलं. मला जास्त जवळचा वाटला तो 1699 साली इथे जन्मलेला माहे द ला बूर्दोने. 1746 मध्ये त्याने इंग्रजांकडून मद्रास घेतलं. त्याआधी मॉरिशसचा गव्हर्नर म्हणून पोर्ट लुई बंदर त्यानेच नावारूपाला आणलं. पुढच्या शतकात कोकणातून गेलेले गिरमिटिये मजूर त्याच बंदरात उतरले. मॉरिशसमधल्या आजच्या मराठी कुटुंबांच्या कहाणीचा एक धागा असा या तटाशी येऊन पोचतो.

बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या मोजक्या वाड्यांपैकी एक पाहता येतो. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा एक संचालक मागों द ला लांद याने तो 1725 मध्ये बांधला. दिवाणखान्यापेक्षा मी तळघरात जास्त वेळ थांबले. अशाच तळघरांत दूरदेशीचा माल उतरत असे. कोरोमंडलच्या विणकरांचं कापड फ्रान्सला येई आणि त्यातलं काही आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घेण्यासाठी जाई. सँ-मालोची जहाजंही गुलामांच्या व्यापारात होती. सुर्कूफनेही तो केला. गावात ऐकू येतात त्या कोर्सेरांच्या पराक्रमाच्या कथा रंगतदार आहेत, मीही त्या तल्लीन होऊन ऐकल्या. पण त्या विणकरांची आणि विकल्या गेलेल्या माणसांची गोष्टही तितक्याच मोठ्या आवाजात इथे सांगितली जावी, असं मला फार वाटतं.