वारा येण्याआधी

गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०१० च्या मे महिन्यात ते मुंबईला परतले. त्या पराक्रमाचं कौतुक झालं ते योग्यच. मात्र छोटी शिडाची बोट किनाऱ्याकिनाऱ्याने नेणं हे वेगळं कसब आहे. भर समुद्रात बोटीखाली पाणी खोल असतं. किनाऱ्यालगत खडक असतात, वाळूचे दांडे असतात, आणि चुकीला जागा फार थोडी असते.

कोकणात या प्रवासाचा हंगाम पावसाळा सरल्यावरचा. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, त्यावर खाडीतून बाहेर पडायचं. मध्येच वारा पडतो, शीड लोंबकळतं. दुपारी वायव्येकडून खारा वारा भरला की दक्षिणेला जाणाऱ्या बोटीला तो छान मानवतो. संध्याकाळच्या आत पुढची खाडी गाठायची: दाभोळ, जयगड, विजयदुर्ग. विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. आसऱ्याची जागा हेरण्यात आपले पूर्वज किती तरबेज होते, हे तिथे गेल्यावर कळतं.

खाडीच्या तोंडाशी खरी परीक्षा. ओहोटीचं पाणी बाहेर धावत असेल आणि वारा आत येत असेल, तर दांड्यावर लाट उभी राहून फुटते. जाणता तांडेल अशा वेळी बाहेरच थांबतो, भरतीची वाट पाहतो.

वाऱ्याचा झोत आधी पाण्यावर दिसतो. लांबवर एक काळपट, सुरकुतलेला पट्टा सरकत येतो. तो बोटीला भिडायच्या आत शीड थोडं उतरवायचं, खालची घडी डोलकाठीच्या आडव्या दांड्याशी बांधायची आणि सुकाणू घट्ट धरायचं. झोत आल्यावर हे करू म्हटलं तर ओल्या कापडाशी झुंजताना हात अपुरे पडतात.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिकचा मारा कोकणापेक्षा कठोर. १९२९ मध्ये ग्लेनगॅरिफला स्थापन झालेल्या आयरिश क्रूझिंग क्लबने तिथल्या आखातांची माहिती ग्रंथांत नोंदली: आत कसं शिरायचं, खडक कुठे, नांगर कुठे धरतो. हौशी खलाशांनीच ती जमवली आणि ते ती सुधारत राहतात. कोकणात असं कितीतरी ज्ञान तांडेलांच्या तोंडी आहे.

हे सोलापूरकरांसाठी का लिहायचं? कारण ११७ टीएमसीचं उजनी धरण त्यांच्याच जिल्ह्यात आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून पलीकडच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. वळवाच्या दिवसांत दुपार कलल्यावर ढग चढतात आणि त्यांच्या पुढे वारा धावतो. पाणी गोडं असो की खारं, वाऱ्याला त्याचं काही नसतं.

शिडाची बोट चालवणारा माणूस सतत आभाळ आणि पाणी वाचतो; इंजिनाच्या भरवशावर ती सवय लागत नाही. म्हणून जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आणि क्रीडासंस्थांनी दिवाळीनंतर, हवा निवळलेली असताना, जलाशयावर मुलांना छोट्या शिडाच्या बोटी शिकवाव्यात. अंगात लाइफ जॅकेट आणि सोबत सुरक्षा बोट हवीच. शिकवायला स्थानिक मच्छीमारांनाही बोलवावं. कुठल्या वळणावर वारा कसा फिरतो हे त्यांना ठाऊक आहे. त्यांच्याकडून ते ऐकून मराठीत लिहून ठेवायचं काम याच हिवाळ्यात सुरू करता येईल.