हाताला लागलेला नाद

छंद म्हणजे फावल्या वेळेचा खेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आमच्या घरात मात्र तो वादाचा विषय होता. आजोबा नागपूरजवळच्या खेड्यात खड्डामागावर जाडेभरडे कापड विणीत. विदर्भात आपल्या समाजातील कित्येक घरे त्या काळी मागावरच जगत होती. नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे गिरणीच्या कापडासमोर हातमाग मागे पडत गेला. तरी आजोबा विणीतच राहिले, कारण दुसरे काय करावे हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. वडील लहानपणी त्यांच्यासाठी कांड्या भरीत. पुढे वडील शिक्षक झाले आणि नोकरी लागताच त्यांनी माग मोडला. त्याच्या लाकडातून सुताराकडून अभ्यासाचे टेबल करून घेतले. मी मुळाक्षरे गिरवली ती त्या टेबलावर. या घरातल्या हातात यापुढे लेखणीच राहील, हा त्यांचा निश्चय होता.

अशा घरातला मुलगा १९७४ साली आपल्या शाळेच्या वसतिगृहात आला आणि नेमका हातकामाच्या नादी लागला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात ज्याची शिफारस केली, तो ‘कार्यानुभव’ अनेक शाळांच्या वेळापत्रकात कागदोपत्रीच असे. आपल्याकडे तो खरोखर होत असे. मार्च संपला की सर्व वर्गांच्या वह्यांतील कोरी पाने वेगळी काढायची, चार-चार पानांचे जुज पाडायचे, दाभणाने भोके पाडून दुहेरी दोऱ्याने शिवायचे. खळ मैद्याची. तिला कीड लागू नये म्हणून गुरुजी चिमूटभर मोरचूद स्वतःच्या हाताने टाकीत. आम्हाला ते विष हाताळू देत नसत. जूनमध्ये त्याच वह्या नव्या वर्षासाठी वाटल्या जात. गरिबीतून निघालेली ती युक्ती होती हे उघड आहे, पण आम्हाला ती तशी कधी वाटली नाही. शिवलेला कणा आवळताना दोरा कागदात रुतण्याचा जो सूक्ष्म आवाज येतो, त्याने मी कायमचा बांधला गेलो.

सुटीत मी स्वतः बांधलेली वही वडिलांना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “गणितात किती पडले?”

त्यांचे चुकत होते, असे मी आजही म्हणणार नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले. जन्माने गळ्यात पडलेल्या कामाविषयी प्रेम वाटायला जागाच उरत नाही. हातकारागिरीचे गोडवे गाणारी मंडळी हे सोयीस्करपणे विसरतात, याचा मला अनेकदा राग येतो. माझ्या आणि आजोबांच्या कामांत फरक एवढाच, की छंद सोडून देता येतो. आजोबांना माग सोडता येत नव्हता.

आणि मी पुष्कळ छंद सोडले. बँकेच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बदली होई आणि प्रत्येक गावी काही नवे हाताला लागे. क्रोशाचे साखळी, मुका खांब, खांब हे टाके पत्नीकडून शिकलो. विदर्भ एक्स्प्रेसमध्ये मिशीवाला गृहस्थ सुईने लोकर ओढतो आहे हे पाहून समोरचे प्रवासी आधी हसत आणि वर्धा येईपर्यंत टाके विचारू लागत. मेळघाटात बांबू शिकलो. बांबू चिरताना चीर एका बाजूला सरकू लागली, तर जाड राहिलेली बाजू वाकवायची, म्हणजे ती पुन्हा मध्यावर येते. हे मला एका वृद्ध कारागिराने एक शब्दही न बोलता दाखवले. कामट्यांची हिरवी साल बळकट, आतला गर कुचकामी. त्या गावी मी केलेली परडी अजून घरात आहे, तिच्यात कांदे असतात.

आईकडून गोधडी शिकलो. कडेपासून धावदोरा घालीत चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे यायचे. एकदा ठिगळे जोडताना मला महावग्गातील कथा आठवली. दक्षिणगिरीकडे जाताना भगवंतांनी मगधाची बांधाबांधांनी आखलेली शेते पाहिली आणि आनंदाला विचारले, भिक्खूंची चीवरे अशी करता येतील का? आनंदाने तुकडे जोडून तशी चीवरे करून दाखवली. आईला ही कथा सांगितली, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आनंदाला शिवता येत होतं तर.” धर्मकथेतला कारागीर तिने बरोबर हेरला होता.

निवृत्तीनंतर, २०२३ मध्ये, मी टेबलावर मावेल असा लहानसा माग आणला. या वयात कशाला, असे पुष्कळांनी विचारले. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, एवढेच उत्तर मी देत असे. वडिलांना मात्र काय सांगावे, हे सुचत नव्हते. ते आता ८७ वर्षांचे आहेत आणि आमच्याकडेच असतात. सोळा इंचांच्या ताण्याचे ३२० धागे एकेक करून फणीतून ओढायला मला अडीच दिवस लागले. तेवढे दिवस ते त्या खोलीत फिरकले नाहीत.

चौथ्या दिवशी ताण्याचा एक धागा तुटला. मी चष्मा लावून गाठ मारीत असताना ते मागे येऊन उभे राहिले. “ही गाठ फणीत अडकंल,” म्हणाले. माझ्या हातातून दोन्ही टोके घेतली, अंगठ्याखाली एकावर एक धरली, काहीतरी वळसा दिला आणि खेचले. गाठ दिसेनाशी झाली. सत्तर-बहात्तर वर्षांत त्यांनी ती मारली नसावी. मी म्हटले, “बाबा, पुन्हा दाखवा.” ते म्हणाले, “पुन्हा तुटला की दाखवीन.” मग स्वतःच कांड्यांची टोपली ओढून घेतली आणि मी कांड्या सैल भरतो म्हणून बराच वेळ बोलत राहिले.

सध्या मागावर पंचा आहे. रोज चार बोटे होतो. कांड्या ते भरतात आणि नातवाच्या अभ्यासाची वेळ झाली, की दोघांनाही उठवतात.