बोटीवरचा मान



आपल्या पेन्शनर क्लबात चार माणसं जमली की बोटीच्या सफरीचा विषय निघतोच. कुणी रोड्स बघून आलेलं असतं, कुणी लिमासोल, कुणी तर पार नॉर्वेपर्यंत जाऊन आलेलं. पूर्वी लोक विचारायचे, "जेवण कसं होतं?" आता विचारतात, "तुमचं कार्ड कुठल्या रंगाचं?" या कार्डापायी आमच्या घरात बराच वाद झाला. तो सांगावा आणि त्या निमित्ताने आमची सफरही सांगावी, म्हणून हा लेख.

२०२३ च्या जून महिन्यात आम्ही दोघं आणि आमच्या मोठ्या वन्सं अशी तिघं हैफाहून सात रात्रींच्या सफरीला निघालो. कंपनी परदेशी होती. आमची ही पहिलीच सफर. वन्संचं मात्र तसं नव्हतं. त्यांचे यजमान होते तेव्हा दोघं दर वर्षी एक तरी बोट करायची. यजमानांना सगळं जपून ठेवायची सवय. प्रत्येक सफरीचं कार्ड ते बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे. ते गेले, डबा राहिला. वन्सं तेव्हा ऐंशीच्या होत्या आणि कंपनीच्या हिशेबात 'सोनेरी' पाहुण्या होत्या.

हैफा बंदरातच फरक कळला. तिथे दोन रांगा होत्या. सोनेरी कार्डाच्या रांगेतून वन्सं दहा मिनिटांत आत गेल्या. आम्ही सव्वा तासाने पोचलो तर त्या केबिनमध्ये बसून द्राक्षं खात होत्या. फळांची थाळी होती आणि वर कॅप्टनच्या सहीचं पत्र. आमच्या केबिनमध्ये टॉवेलांची घडी करून हंस बनवून ठेवला होता, तोही छान होता. वन्सं म्हणाल्या, "बघ गं, माझं नाव कसं बरोब्बर लिहिलंय! आमच्या जिन्यातले शेजारी वीस वर्षं झाली तरी चुकीचं घेतात." तेव्हा आम्ही हसलो. आता आठवलं की हसू येत नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी हे कार्ड प्रकरण थोडं समजावून सांगतो. सुपरमार्केटात पैसे देताना ती बाई विचारते ना, कार्तिस मोआदोन आहे का? तसंच हे. या पद्धतीला जोर आला तो विमानांमुळे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली प्रवाशांच्या मैलांची नोंद ठेवून बक्षिसं द्यायला सुरुवात केली. बोटींवर मैलांऐवजी रात्री मोजायची पद्धत पडली. रॉयल कॅरिबियन कंपनीत एका रात्रीला एक गुण मिळतो आणि महागड्या सूटमध्ये राहिलं तर दुप्पट. ८० गुण झाले की माणूस 'डायमंड' होतो आणि ७०० झाले की सगळ्यात वरच्या पायरीवर जातो. सातशे रात्री म्हणजे सात-सात रात्रींच्या शंभर सफरी! जवळजवळ दोन वर्षं पाण्यावर. हॉलंड अमेरिका कंपनी तर ठरावीक दिवस पुरे केलेल्या प्रवाशांना पदकं देते, शाळेत आपल्याला द्यायचे तशी.

कंपन्या हे काही दानधर्म म्हणून करत नाहीत. बोट सुटायची ती सुटतेच, केबिन भरलेली असो की रिकामी. रिकाम्या केबिनचं भाडं मग कधीच मिळत नाही. नवा गिऱ्हाईक शोधायला जाहिराती कराव्या लागतात, जुन्याला एक पत्र पुरतं. शिवाय बोटीवर आलेला माणूस पेयं घेतो, सहली घेतो, कॅसिनोत जातो. ही कमाई वेगळी. तेव्हा द्राक्षांची थाळी त्यांना परवडते.

पण ओळखीच्या माणसाला मान देणं ही पद्धत काही या कंपन्यांनी शोधलेली नाही. आम्ही माझगावच्या सर एली कदूरी शाळेत शिकलो. मे महिन्याची सुट्टी लागली की भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरायची आणि अलिबागजवळ आजीच्या घरी जायचं. लाँचवरचा सारंग आजीला चांगला ओळखायचा. गर्दीतून हाक मारायचा, "आजी, इकडं या, सावलीत बसा." तिच्याकडे कार्ड नव्हतं, त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. पण आजीपेक्षा म्हातारी बाई आली की तो आजीलाच सांगायचा, "जरा सरका." आणि आजी सरकायची. तो मानही होता आणि त्यात माणुसकीही होती.

त्याच मार्गावर १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती गोष्ट आम्ही लहानपणी मोठ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली होती की बोटीवर पाय ठेवला की ती आठवते. म्हणून हैफाला बोट सुटण्याआधी सुरक्षेची कवायत झाली ती आम्ही नीट लक्ष देऊन केली. २०१२ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडली आणि ३२ जण मेले. त्यानंतर नियम कडक झाला. प्रवाशांची कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटल्यावर लगेच झालीच पाहिजे. आपापल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं ते बघायचं. तिथे सोनेरी रांग नव्हती. वन्संनी विचारलं, "इथे आपली वेगळी सोय नाही का?" तो खलाशी अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, इथे सगळे सारखे."

पहिला मोठा मुक्काम रोड्स. बोट थेट जुन्या शहराच्या तटाजवळ लागते. चालत गेलं की जुना यहुदी मोहल्ला लागतो आणि तिथे १५७७ साली बांधलेलं काहाल शालोम सिनेगॉग आहे. जमिनीवर काळ्यापांढऱ्या गोट्यांची नक्षी, आत गारवा. १९४४ च्या जुलैत याच बेटावरून दीड हजाराहून अधिक यहुदी माणसांना बोटींत कोंबून पिरेअसला आणि तिथून ऑशविट्झला नेलं. फार थोडे वाचले. आम्ही तिघं तिथे उभे राहिलो, यजमानांचं आणि त्या सगळ्यांचं स्मरण केलं. त्या दिवशी परत बोटीवर चढताना वन्संनी वेगळ्या रांगेचं नावही काढलं नाही.

मग सँटोरिनी. हे बेट म्हणजे ज्वालामुखीचा फुटलेला कडा. मधे समुद्र, वर कड्यावर पांढरी घरं, जणू कुणी मीठ सांडलंय. मोठ्या बोटी धक्क्याला लागत नाहीत, मधेच उभ्या राहतात आणि छोट्या बोटींतून माणसांना किनाऱ्यावर नेतात. किनाऱ्यावरून वर जायला सुमारे सहाशे पायऱ्या, नाहीतर केबल कार. पायऱ्यांवर गाढवंही असतात.

छोट्या बोटींसाठी सकाळी हॉलमध्ये नंबर वाटले. आमचा नंबर बराच मागचा. सोनेरी कार्डवाल्यांना पहिल्या बोटीत जागा, पण फक्त कार्ड ज्याचं त्यालाच. वन्सं म्हणाल्या, "मी एकटी वर जाऊन काय गाढवांशी गप्पा मारू?" आणि आमच्याशेजारी येऊन बसल्या. आमच्या पलीकडे वॉकर घेऊन एक आजी बसल्या होत्या, पाय सुजलेले, श्वास लागलेला. त्यांच्यासमोरून पाच-सहा धडधाकट तरुण हातात कार्डं नाचवत पुढे गेले. आम्ही छत्तीस वर्षं वॉर्डात काढली. इमर्जन्सीत कोण आधी, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. ज्याला जास्त गरज, तो आधी. आमचे मिस्टर जाऊन अधिकाऱ्याला सांगून आले, तेव्हा त्या आजींना पुढे नेलं. मुद्दाम त्रास द्यावा असं त्या अधिकाऱ्याच्या मनात नव्हतं. त्याच्या कागदावर रंग होता, सूज नव्हती.

गंमत संध्याकाळी झाली. परत खाली यायला केबल कारपाशी ही भली मोठी रांग! अनेक बोटींची माणसं एकदमच परत निघालेली. तिथे कंपनीचं कार्ड काय कामाचं? डायमंड, सोनेरी, बिनरंगी, सगळे एकाच रांगेत, एकाच उन्हात. पण तासभर झाल्यावर पुढच्या एका मुलीनं मागे वळून वन्संकडे बघितलं, आपल्या घरच्यांना काहीतरी म्हणाली आणि सगळ्यांनी सरकून वाट दिली. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. पंधरा मिनिटांत वन्सं, आणि त्यांना धरून आम्ही, केबल कारमध्ये बसलो. वन्सं म्हणाल्या, "यांना कुठं माझं नाव माहीत होतं?"

सफर संपली, घरी आलो. चार महिन्यांत, ७ ऑक्टोबर २०२३ ला, युद्ध सुरू झालं. परदेशी कंपन्यांनी हैफा आपल्या वेळापत्रकातून काढून टाकलं. त्याच ऑक्टोबरमध्ये रॉयल कॅरिबियनची एक बोट अमेरिकन नागरिकांना हैफाहून सायप्रसला घेऊन गेली. त्या बोटीवर चढताना कुणाच्या मनात कार्डाचा रंग आला असेल?

आणि मग वन्संना पत्र आलं. तीन वर्षांत एकही सफर केली नाही तर सोनेरी दर्जा रद्द होतो. वन्संची मुदत जून २०२६. हैफाहून बोट नाही यात त्यांचा काय दोष? पण नियम तो नियम. वन्संनी ठरवलं की विमानाने अथेन्सला जायचं आणि तिथून बोट धरायची. वय त्र्याऐंशीला टेकलेलं, गुडघे दुखतात. पैसे कुठले? तर श्रवणयंत्रासाठी बाजूला ठेवलेले.

आम्ही चिडलो. वन्संपुढे कधी आवाज चढवला नव्हता, तो चढला. "वन्सं, द्राक्षांच्या थाळीसाठी कान गहाण ठेवणार का?" त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "थाळीचं काय करायचंय मला? यांनी बारा वर्षं ती कार्डं जमवली. आणि तिथे जिना चढले की माणूस नावानं हाक मारतो. इथे दिवसभर मला हाक मारणारं कोण आहे?"

यावर आम्हाला उत्तर सुचलं नाही. मिस्टर उठून बाल्कनीत गेले.

तेव्हा अशा योजना बोट कंपन्यांनी ठेवाव्यात की बंद कराव्यात? पत्र आलं त्या दिवशी आम्ही म्हटलं असतं, आगीत टाका. आता शांतपणे विचार केल्यावर वाटतं, ठेवाव्यात. पुन्हा पुन्हा येणाऱ्याचे आभार मानणं चांगलंच आहे. फळं द्या, पत्र द्या, पदक द्या, भाड्यात सवलत द्या, कुणाचं पोट दुखणार नाही. पण छोट्या बोटीत कोण आधी, लिफ्टमध्ये कोण आधी, हे कार्डावरून ठरवू नका. तिथे वॉकर बघा, पोटुशी बाई बघा, कडेवरचं मूल बघा.

दुसरं म्हणजे, एकदा दिलेला मान काढून घेऊ नये. सोनेरी, डायमंड वाढत गेले की खास रांगच साध्या रांगेपेक्षा लांब होते, ही कंपन्यांची अडचण आम्हाला कळते. म्हणून आता काही ठिकाणी रात्रींऐवजी पैसे मोजायचं चाललं आहे. कार्निव्हल कंपनीने जून २०२५ मध्ये जाहीर केलं की त्यांची नवी योजना खर्चावर चालेल आणि मिळालेला दर्जा ठरावीक मुदतीचा असेल. धंदा त्यांचा, हिशेब त्यांचा. पण ज्या साध्या माणसानं खिडकी नसलेल्या केबिनमध्ये राहून वर्षानुवर्षं रात्री जमवल्या, त्याला नवीन नियम लावताना जुना शब्द पाळावा. नव्या प्रवाशाला नवा नियम, जुन्याला जुना. रेवसच्या सारंगानं आजीला कधी म्हटलं नाही की गेल्या मे महिन्यात तू आली नाहीस, आता उन्हात बस.

आणि तिसरं आपल्या सगळ्यांसाठी. रात्री पुऱ्या करायच्या म्हणून सफर करू नका. मन झालं तर जा, खिशाला झेपलं तर जा.

आम्ही वन्संच्या वतीने कंपनीला पत्र लिहिलं. युद्धामुळे हैफाहून बोट नाही, वय झालं आहे, मुदत वाढवावी. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. फार गोड भाषेत आभार मानले होते आणि जूनच्या आत सफर घेतल्यास दहा टक्के सवलत देऊ केली होती. नाव अगदी बरोब्बर लिहिलं होतं. वन्संनी ते मोठ्यानं वाचून घेतलं आणि इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मग पत्राची घडी करून बिस्किटाच्या डब्यात, यजमानांच्या कार्डांवर ठेवली.

श्रवणयंत्र आणलं. रोज सकाळी आठ वाजता आमच्या घरून कुणीतरी त्यांना फोन करतं. शब्बाथला नातवंडं चालत जातात, पाच मिनिटांवर तर घर आहे. पूर्वी दाराबाहेरून तीन-तीनदा ओरडावं लागायचं. आता पहिल्या हाकेला ओ देतात.

आपल्यापैकी कुणाकडे अशी कार्डं असतील, कुणाचा अनुभव वेगळा असेल, तर त्यांनी या बुलेटिनकडे जरूर लिहावं. आणि मुलांनो, लांब रांगेत पुढे उभे असाल तर एकदा मागे वळून बघत जा.