रुईचं देणं

साताऱ्याहून माझी बदली वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत झाली, तेव्हा फुलपाखरांबद्दल मला फळ्यावर काढण्यापुरतं ठाऊक होतं: अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. आज त्या शाळेतली बाग बघायला लोक येतात आणि मला शाबासकी देऊन जातात. ती शाबासकी मी घेते, पण तिच्यातला मोठा वाटा शाळेच्या शिपाईमामांचा आहे.

मामांना फुलपाखरांचं काही कौतुक नव्हतं, हे आधीच सांगते. कुंपणालगत रुईची झुडपं माजली होती. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, ही काढून टाका, चीक पोरांच्या डोळ्यांत जाईल. साहेबांचं खोटं नव्हतं. रुईचा चीक डोळ्याला घातकच. मामा अदबीनं म्हणाले, "पोरास्नी हात लावू देत न्हाय, साहेब. पर शनवारी मारुतीला माळ कशाची घालू?" समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात आहेत आणि बहे व शिराळ्याचे दोन सांगलीत. असल्या मुलखात या प्रश्नाला उत्तर कोण देणार? रुई राहिली.

मी मात्र रोपवाटिकेतून झेंडू आणि पेटुनिया आणून वाफे सजवत होते. फुलपाखरं यायची, मध प्यायची, निघून जायची. फुलं म्हणजे त्यांची चहाची टपरी. संसार मांडायला ठरावीक झाडाचं पान लागतं. ते पान मामांनी राखलेल्या रुईवर होतं. माळेसाठी पानं खुडताना एके दिवशी त्यांनीच हाक मारली, "बाई, ही अळी बघा. खायच्या आधी पानाची शीर कुरतडती. चीक गळून जाऊ देती, मग खाती."

प्लेन टायगरची अळी ती. अंगावर काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके आणि शिंगांसारख्या काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. मी नंतर वाचलं ते मामांनी आधी पाहिलं होतं. रुईचं विष अळी पचवते, अंगात साठवते आणि ते फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी तर हुबेहूब त्याचंच रूप घेऊन वावरते. तिच्या अंगात विष नाही, नुसती बतावणी. तिची अळी वाढते घोळीवर, जिची आपण भाजी करतो.

मग आमची बाग मामांच्या रीतीनं वाढली. लिंबू आणि बेल आला. पानफुटी आली, तिच्या जाड पानाच्या आत शिरून रेड पिएरोची अळी पान पोखरते. कढीपत्त्यावरून मात्र भांडण झालं. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना फोडणीला तो हवा आणि कॉमन मॉरमॉनच्या अळ्यांनाही तोच. शेवटी मामांनी निवाडा केला: रस्त्याकडचं झाड खिचडीला, विहिरीकडचं अळ्यांना. ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू म्हणून 2015 साली जाहीर झालं, ते लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतं, हे सांगितल्यावर मावशीही विरघळल्या. लहानपणी या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

उसाच्या रानात हिरवळीच्या खतासाठी ताग पेरतात. त्याच्या वाळक्या काड्यांची मोळी मामांनी एकदा कुंपणाला टेकवली आणि तिच्यावर निळ्या पट्ट्यांच्या ब्लू टायगरची झुंबड उडाली. त्यातले बहुतेक नर. तागातलं द्रव्य शोषून ते मादीला भुलवणारा गंध तयार करतात. मामा हसून म्हणाले, "म्हंजे अत्तराचं दुकान काढलं की आपण!"

मामा आता निवृत्त आहेत. बागेला त्यांचं नाव द्यायचा ठराव आम्ही केला, तो त्यांनी मोडीत काढला. म्हणून इथं लिहिते आहे, तेही नाव न घेता.

आपल्या शाळेत अशी बाग करायची असेल तर रोपवाटिकेआधी बांधावर जा. रुई, टाकळा, घोळ, एरंड सगळं फुकट मिळेल. कुरतडलेली पानं दिसली म्हणून फवारणी करू नका. आणि रुईच्या चिकाचे हात धुतल्याशिवाय मुलांना डोळे चोळू देऊ नका.