अकरा ते पाच

पुण्यात १८८४ साली मुलींचं हायस्कूल निघालं तेव्हा जो वाद पेटला, त्यातला इंग्रजीचा मुद्दा सगळ्यांच्या लक्षात राहिला आहे. मुलींनी इंग्रजी कशाला शिकायचं, शिकून करायचं काय, वगैरे. माझ्या मनात मात्र त्या वादातला दुसरा मुद्दा घर करून आहे, तो वेळेचा. शाळा अकरा ते पाच भरायची. टिळकांच्या ‘मराठा’नं त्यावर हरकत घेतली. मुली दिवसभर शाळेत बसल्या तर घरकामाचं काय? सकाळी नाहीतर संध्याकाळी तीन तास पुरेत.

सहा की तीन, यावर एवढी मोठी माणसं भांडली. मला त्यात क्षुल्लक काही वाटत नाही. तीन तासांची शाळा घराच्या कामांत बसवता येते. सकाळचं पाणी भरून जावं, परत येऊन धाकट्याला मांडीवर घ्यावं. सहा तास मात्र घराला कुठेच बसवता येत नाहीत. तो आख्खा दिवस असतो, आणि तो मुलीचा असतो. विरोध करणाऱ्यांना हे नेमकं उमगलं होतं. शाळा काढणाऱ्यांनाही उमगलं असणार.

काढणारे होते न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित. संस्थेचं नाव महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटी. जागा पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची, म्हणून शाळेला लोक हुजूरपागा म्हणू लागले. कागदोपत्री ती एच. एच. सी. पी. हायस्कूल आहे, पण पेठांत ते नाव सांगून पत्ता विचारला तर माणूस क्षणभर थांबतो. मुलींसाठी असं हायस्कूल हवं, हे गव्हर्नरांसमोर भरसभेत इंग्रजीतून वाचून दाखवलं ते विशीतल्या रमाबाई रानड्यांनी. त्या धीटपणाबद्दल घरातल्या बायकांची केवढी नाराजी त्यांना सोसावी लागली, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे. सभेतल्या टाळ्यांपेक्षा मला तो घरातला अबोला मोठा वाटतो. सभा तासाभरात संपते. घरात रोज राहायचं असतं.

माझी आत्या हुजूरपागेची. तिच्या लहानपणीची गोष्ट ती सांगायची ती वर्गातली नसायचीच, ती असायची रस्त्याची. दहाला आमटीभात खाऊन निघायचं. एकीनं दुसरीच्या दारात उभं राहून हाक मारायची, दोघींनी मिळून तिसरीच्या. बोळ संपेपर्यंत आठदहा जणी व्हायच्या आणि मग रस्ता त्यांचा व्हायचा. “घरात मी तिसरी मुलगी होते गं,” ती म्हणायची, “बोळाच्या तोंडाशी आले की मी मी व्हायची.” वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना हे मिळत नाही. रोज जाऊन रोज परत यायच्या शाळेत रस्ता हाही शाळेचाच एक वर्ग असतो. बुधवार पेठेतला भिडेवाडा हुजूरपागेपासून चालत थोडक्यात गाठता येतो. तिथे १८४८ साली शिकवायला जाताना सावित्रीबाई एक जादा लुगडं जवळ ठेवत, कारण अंगावर चिखल आणि शेण फेकलं जाई. वाडा २०२३ च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला. त्या रस्त्यानं जाताना मला वाड्यापेक्षा त्या जादा लुगड्याची आठवण येते. आत्याच्या मैत्रिणींना हसतखिदळत मोकळं चालायला मिळालेला तो रस्ता कुणीतरी आधी अंगावर घाण झेलून चालून ठेवला होता.

मी शिकले ती शाळाही मुलींचीच, पेठेतलीच, पण लहान आणि फारशी कुणाला माहीत नसलेली. तिथे येणाऱ्या मुलींपैकी कुणाची आई मंडईत भाजी विकायची, कुणाचे वडील वकील होते, कुणाच्या घरी चार घरची धुणीभांडी करून आल्यावर आई स्वयंपाकाला लागायची. मधल्या सुट्टीत डबे उघडले की चटणीभाकरी, शिळ्या पोळीचा कुस्करा, साबुदाण्याची खिचडी असं सगळं एकमेकींच्या झाकणांत फिरायचं. कुणाच्या घरी कुणाच्या हातचं चालत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं; पटांगणातल्या चिंचेखाली ते विचारायची कुणाची छाती नव्हती. शिक्षिकांना आम्ही बाई म्हणायचो, आडनावासकट. जोशीबाई, कांबळेबाई. वर्गाबाहेर कुठेही दिसल्या तरी पाठ आपोआप ताठ व्हायची.

त्या शाळेत ‘हे मुलग्यांचं काम’ असं कुठलंच काम नव्हतं, कारण करायला मुलगे नव्हते. संमेलनाला बाकं उचलायची ती आम्हीच, पडद्याच्या दोऱ्या बांधायला शिडीवर चढायचं ते आम्हीच. कवायतीचा ढोल वाजवायला मनगट लागतं, ते आमच्यातल्याच एकीचं असायचं. नाटकात शिवाजीमहाराज व्हायला काजळाच्या पेन्सिलीनं मिशी काढून घ्यायची, आणि अफजलखान मिळाला तरी रुसायचं नाही. फळ्यावर चुकीचं गणित सोडवून परत जागेवर येताना मागच्या बाकांवरून कुणी फिदीफिदी हसायचं नाही असं नाही, पण त्या हसण्यात वेगळी भीती नसायची. मला पुढे महाविद्यालयात गेल्यावर पहिल्यांदा कळलं की हात वर करताना मुली इकडेतिकडे बघतात.

आणि पाळी. तिच्याबद्दल आमच्या शाळेत कुजबूज फार नव्हती. शिवणाच्या कपाटात खालच्या खणात घड्या केलेली जुन्या सुताची फडकी असायची, किल्ली शिवणाच्या बाईंकडे. स्कर्टला डाग पडलेला दिसला की मागची मुलगी मुकाट्यानं आपला स्वेटर काढून कमरेला बांधून द्यायची. ‘चार दिवस बाजूला बस’ म्हणणाऱ्या घरांतून आम्ही बऱ्याच जणी यायचो. शाळेत त्या चार दिवसांत आम्ही खोखो खेळायचो.

आश्विनात हस्त नक्षत्र लागलं की भोंडला. पाटावर खडूनं हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, शेवटी डबे हलवून, वास घेऊन खिरापत ओळखायची. तोच खेळ वाड्याच्या चौकातही व्हायचा, पण तिथे सासर-माहेरची ती गाणी म्हणताना आया डोळे पुसायच्या. शाळेच्या पटांगणात तीच गाणी आम्ही ओरडून, धावत म्हणायचो. सासर अजून फार लांब होतं.

सगळ्यांना लांब नव्हतं. नववीत माझ्या बाकावरची मुलगी यायची थांबली. आई आजारी, घरात तीन भावंडं. आमच्या गणिताच्या बाई तिच्या घरी गेल्या. वडील म्हणाले, जमणार नाही. बाईंनी वाद घातला नाही, वेळ मागितला. सहा तास नको, दोन द्या. मग ती मधल्या सुट्टीनंतर येऊ लागली, कडेवर कधीकधी धाकटा भाऊ. बाई शेवटच्या तासानंतर थांबून तिला सकाळचं गणित शिकवायच्या आणि शिपाईमावशी तेवढा वेळ त्या पोराला पटांगणात फिरवायच्या. दहावी पास झाली ती. पुढचं तिचं तिनं केलं, आणि चांगलं केलं.

इरावती कर्वे ब्रह्मदेशातून लहान वयात हुजूरपागेच्या वसतिगृहात आल्या. तिथे शकुंतला परांजपे भेटल्या आणि रँग्लर परांजप्यांच्या घरानं इरावतींना आपलंच केलं. एका मैत्रीतून एका मुलीला पुस्तकांनी भरलेलं घर मिळालं. शांता शेळके तिथल्याच. ही नावं अभिमानानं घेतली जातात, घ्यावीत. माझ्या मनात त्यांच्या शेजारी ती कडेवर भाऊ घेऊन येणारी मुलगी बसलेली असते.

मुलींच्या वेगळ्या शाळा आता कशाला, असं मला माझी भाचीच विचारते. ती मुलामुलींच्या शाळेत शिकली, उत्तम शिकली. तिचं म्हणणं मला पटतं, तिच्यापुरतं. पण पेठांतली मध्यमवर्गीय घरं कोथरूडला, सिंहगड रस्त्याला गेली, आणि आमच्या शाळेत आता ज्या मुली येतात त्यांची घरं एका खोलीची आहेत. घरी पोचली की पाणी, भांडी, भावाचा अभ्यास. वाद संपलेला नाही, फक्त आता तो वर्तमानपत्रात होत नाही, रोज संध्याकाळी एकेका खोलीत होतो.

म्हणून आम्ही काही माजी विद्यार्थिनींनी शाळेची लायब्ररी साडेसातपर्यंत उघडी ठेवायला घेतली आहे. दिवे, पंखा, एक मावशी आणि आमच्यातली एक जण, पाळीपाळीनं. मुली येतात, बहुतेक दहावीच्या. काही नुसत्या डोकं टेकून झोपतात. त्यांना आम्ही उठवत नाही. परवा एकीची आई विचारायला आली, खरंच अभ्यास असतो का. मी तिला आत नेऊन बसवलं, चहा दिला. ती अर्धा तास बसली. जाताना म्हणाली, शनिवारीपण ठेवा की. जूनपासून ठेवणार आहोत. किल्ली कुणाकडे राहील, तेवढं ठरायचं आहे.